कंकणपूरचे गार्डमामा

खोली देताना त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. दौंडात त्याआधी मी बरीच घरं पाहिली होती. दारात बोलणं छान चालायचं, चहाचंही विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. यांनी मला अंगणातल्या खुर्चीवर बसवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्हाला नाटक ऐकायचा कंटाळा येतो का?"

"नाही," मी म्हणाले.

"लांब असलं तरी?"

"नाही."

"मग सामान आणा."

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. वडगाव रासाईची, नोकरीसाठी गाव सोडून एकटी राहणारी आमच्या वस्तीतली पहिलीच. संध्याकाळी सामान घेऊन आले तेव्हा घरमालकीणबाईंनी आपल्याच कपात मला चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "नाटक ऐकताना झोप आली तर डोळं उघडं ठिवून झोपायचं. जमतं हळूहळू."

सगळं दौंड त्यांना गार्डमामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या पत्नी मामी. मालगाडीवर गार्ड म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटं बसून मागं पळणारा मुलूख बघत माणसाचं आयुष्य गेलं की त्याच्या डोक्यात काहीतरी तयार होतंच. मामांच्या डोक्यात एक राज्य तयार झालं होतं. त्याचं नाव कंकणपूर.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ते नाटकात उतरवायला घेतलं. नोकरीतले दोन बावटे त्यांनी घरी आणून ठेवले होते. लिहायला बसले की दाराच्या कडीत लाल बावटा अडकवायचे, मग पोस्टमननंही आत यायचं नाही. प्रवेश लिहून झाला की हिरवा. हिरवा लागला की मी शाळेतून दमून आलेली असो, भूक लागलेली असो, जाऊन बसायचं आणि ऐकायचं. गळ्यात गार्डाची शिट्टी कायम असे. एक लांब शिट्टी म्हणजे चहा, दोन छोट्या म्हणजे पाणी. स्वयंपाकघरातून मामी कपबशी घेऊन यायच्या, ठेवायच्या, जायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, "मामी, तुम्हाला काही वाटत नाही याचं?"

"नाव घिऊन हाक मारायची त्यास्नी लाज वाटती," त्या म्हणाल्या. "शिट्टी बरी. परसात आसले तरी आयकू येती."

कंकणपुरात सगळा कारभार बायकांचा होता. राणी बाई, प्रधान बाई, सेनापती बाई, न्याय देणारी बाई. काळ तलवारींचा आणि हत्तींचा. तरी कंकणपुरात रेल्वे होती. मी शंका काढली तेव्हा मामांना माझी कीव आली. "बाई, रेल्वेशिवाय राज्य चालेल कसं?" त्यांनी नकाशाही काढला होता. नदी भीमेसारखी वळणारी, मध्ये मोठं जंक्शन, आणि दौंडात कोळशाचं यार्ड होतं तिथे राजवाडा. इंजिनाचे ड्रायव्हर बाया, फायरमन बाया, स्टेशनमास्तर बाई.

"आणि गार्ड?" मी विचारलं.

"गार्ड पुरुष."

"का हो?"

"जबाबदारीचं काम आहे," मामा म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं, पण नव्हतं.

दिल्लीत तेव्हा बाईच पंतप्रधान होत्या, आणि मामांना त्याचा इतका अभिमान की जणू त्यांच्याच घरातून कोणी गेलं असावं. पानाच्या ठेल्यावर ते रोज विषय काढत. पानवाला म्हणायचा, "मामा, आख्ख्या दिल्लीत पुरुष एकच हाय, आन् ती बाई हाय." मामा खूश होऊन मान डोलवायचे. हे वाक्य त्यांनी थोडं फिरवून कंकणपूरच्या प्रधानबाईच्या तोंडी घातलं: "महाराणी, या राज्यात मर्द एकच, आणि तो म्हणजे आपण!" वाचून दाखवताना त्यांचा आवाज भरून आला होता. स्त्रीचा याहून मोठा गौरव त्यांना माहीतच नव्हता. ढोंग त्यांच्यात अजिबात नव्हतं, म्हणून त्यांच्यावर रागावताही यायचं नाही.

मी एकदा विचारलं, "मामा, कंकणपुरात स्वयंपाक कोण करतं?"

दाराला लाल बावटा लागला तो काही दिवस निघालाच नाही. मग हिरवा लागला आणि नवा प्रवेश ऐकायला मिळाला. राजवाड्यात पुरुष आचारी भाकऱ्या जाळतात, धूर होतो, सैन्य उपाशी राहतं. शेवटी राणी मुकुट उतरवून पदर खोचते, स्वतः चुलीपुढे बसून टम्म फुगलेली भाकरी काढून दाखवते आणि दरबार टाळ्या वाजवतो. "आता पटलं?" मामा म्हणाले. आतून मामींच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

कंकणपुरात पुरुषांनी गुन्हा केला तर शिक्षा एकच. चोरी असो, फितुरी असो, रणातून पळून येणं असो, गुन्हेगाराला बांगड्या भरायच्या आणि गावभर फिरवायचं. मामांना ही शिक्षा फार आवडायची. ती ऐकवताना ते उठून उभे राहायचे.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या गॅदरिंगला नाटक हवं होतं. मुख्याध्यापिकाबाईंना फुकट मिळणारं, स्त्रियांबद्दलचं आणि चावट नसलेलं नाटक पाहिजे होतं. कंकणपूर तिन्हींत बसलं. राणीसाठी नववीतली शमीम निवडली. तिचे वडील लोकोशेडमध्ये फिटर होते. ते मुद्दाम विचारायला आले, "नाचगाणं न्हाई ना, मामा?"

"राणी कशाला नाचेल? राणी हुकूम देते," मामा म्हणाले.

"मंग घरात तेच चाललंय तिचं," ते म्हणाले आणि निर्धास्त परत गेले.

राजपुत्र झाली होती मंदा. भांडगावहून एसटीनं येणारी, वर्गात सगळ्यांत उंच, आवाजही भरदार. नाटकाच्या शेवटी राणी युद्ध जिंकते, शेजारच्या राज्याचा हा राजपुत्र तिच्यापुढे कैदी म्हणून उभा राहतो, आणि राणी आपला मुकुट त्याच्या पायाशी ठेवून म्हणते, "राजपुत्रा, राज्य मिळालं, पण आधार मिळाला नाही." तालमीत हे वाक्य आलं की शमीमला हसू फुटायचं. मामा चिडायचे.

"हसायचं काय आहे यात? इथं लोकांच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे!"

"मामा, पण लढाई तर तीच जिंकली ना?"

"जिंकली म्हणून तर देते."

"आणि हरली असती तर?"

"तर त्यानं घेतलंच असतं," मामा म्हणाले. यात विचित्र काही आहे असं त्यांना वाटलं नाही. शमीम ओठ चावून मुकुट ठेवायला शिकली.

पहिला खेळ दुपारचा, फक्त मुलींच्या आयांसाठी होता. पाहुण्यांसाठी दुसऱ्या दिवशीचा. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. खाली सतरंज्या, समोर बाया आणि कडेवरची पोरं. पुरुष म्हणून तिथं आमचा शिपाई आणि पडद्यामागे मामा, एवढेच. मामी मुलींना नऊवारी नेसवायला आल्या होत्या. दुसरा अंक संपायला आला आणि शिपाई निरोप घेऊन आला. राजपुत्राचं काम तिसऱ्या अंकातच होतं, आणि मंदा येणार नव्हती. भांडगावात तिला बघायला पाहुणे आले होते.

"आजच?" मामा ओरडले. "राजपुत्राला बघायला आजच यायचं होतं?"

पुढचं क्षणात ठरवून ते राजपुत्राचा अंगरखा स्वतःच्या अंगाला लावून बघू लागले. तो त्यांच्या पोटावर बसत नव्हता. मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या. "मुलींच्या स्टेजवर पुरुष? गार्डसाहेब, मला नोकरी करायची आहे." दुसऱ्या कोणत्या मुलीला राजपुत्राची वाक्यं येत नव्हती. मामा एका खोक्यावर बसले आणि कानामागची पेन्सिल काढून नवा शेवट लिहायला लागले. एक ओळ लिहिली, खोडली. पडद्यापुढे बाया टाळ्या वाजवत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उतरला होता.

"बाई, हे पुरुषाशिवाय संपतच नाही."

मामींच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मामी म्हणाल्या, "मंग नका संपवू."

"म्हणजे?"

"बसू द्या की पोरीला खुर्चीवर. राणी हाय, दरबार भरवील."

दुसरं काही सुचत नव्हतं. पडदा वर गेला. शमीम पुठ्ठ्याचा मुकुट घालून खुर्चीवर बसली आणि दुसऱ्या अंकातलं पाठ असलेलं वाक्य म्हणाली, "कुणाची काही फिर्याद असेल तर निर्भयपणे सांगावी." दुसऱ्या अंकात फिर्यादी झालेल्या मुली आता शत्रूचे मेलेले सैनिक होऊन स्टेजवर पडल्या होत्या. कुणीच उठलं नाही. शमीमनं वाक्य पुन्हा म्हटलं. मी पडद्याआड उभी होते.

मग सतरंजीवरून एक बाई उठल्या. सुभद्राबाई. त्यांची मुलगी नाटकात भालदार होती. त्या स्टेशनजवळच्या कोळशाच्या यार्डात पाट्या वाहायला जायच्या.

"राणीसाहेब, माजी फिर्याद हाय."

हा नाटकाचाच भाग असेल असं वाटून बायकांनी माना वळवल्या. शमीमनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बोला."

"आम्ही बाया यार्डात कोळसा भरतो. तिथं बायांना बसाया आडोसा न्हाई. मुकादमाला सांगितलं तर म्हणतो, मालगाडी हुबी आसती की, तिच्या आड बसा. बसतो. आन् गाडी सुटती."

मांडवात मोठा हशा झाला. सुभद्राबाई हसल्या नाहीत. हसू विरेपर्यंत त्या थांबल्या.

"गाडी सुटली की समूर आख्खा फलाट. उठावं तरी लाज, बसावं तरी लाज. कवा कवा दिवसभर पानीच पीत न्हाई आम्ही."

शमीम खुर्चीवर ताठ बसली होती. ती आठवत होती, आणि तिला जे आठवलं ते तिनं मोठ्या आवाजात सांगितलं: "त्या मुकादमाला बांगड्या भरा आणि गावभर फिरवा!"

टाळ्या पडल्या. सुभद्राबाई मात्र खाली बसल्या नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात पुढं करून बघितले, हिरव्या बांगड्यांचे.

"बांगड्या ही शिक्षा हाय व्हय?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होत्या. "मंग आम्ही काय केलंतं? आम्ही तर जल्मापास्नं घालतोय."

त्यांनी हात खाली घेतले.

"आन् त्यानं घातल्या तर मला आडोसा हुतोय का? मला आडोसा पायजे, राणीसाहेब."

शमीमनं मुकुट काढून मांडीवर ठेवला. मग आपल्या रोजच्या, वर्गातल्या आवाजात म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. प्रधानजी, आडोसा बांधा." प्रधान झालेली मुलगी घाबरून "जी" म्हणाली आणि मी पडदा पाडला.

मागे वळले तर मामा खोक्यावर तसेच बसले होते. मला वाटलं, नाटकाचा विचका झाला म्हणून खचलेत. ते म्हणाले, "हिरवा बावटा मीच दाखवायचो."

"कुठं?"

"यार्डात. गाडी सुटायच्या आधी गार्डानं दोन्ही बाजू बघायच्या, असा नियम आहे. मी बघायचो. बायका बसलेल्या दिसायच्या, बाई. दिसल्या की मी मान फिरवायचो, सभ्य माणसानं फिरवावी तशी." त्यांनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. "आणि बावटा दाखवायचो."

मामी मुलींचे अंबाडे सोडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशीचा खेळ मुख्याध्यापिकाबाईंनी रद्द केला. साहेब लोकांसमोर असला दरबार नको, म्हणून टिपऱ्यांचा नाच बसवला. शमीमचे वडील मात्र मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "यार्डातल्या बाया पोरीला राणीसाहेब म्हणून हाका मारतात. मला बी मान मिळायला लागलाय." मंदा पुन्हा शाळेत आली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पत्रिका आली होती. मी भांडगावला गेले, अक्षता टाकल्या. ती खाली मान घालून उभी होती आणि नवऱ्यापेक्षा उंच दिसू नये म्हणून तिला थोडं वाकून उभं राहायला सांगितलेलं होतं.

मामांनी जुना युनिफॉर्म काढला आणि रोज सकाळी यार्डातल्या साहेबाच्या कचेरीसमोर जाऊन बसू लागले. आधी लोक हसले. "काय मामा, नाटकाचं आवतन द्यायला आलाय का?" ते म्हणायचे, "आडोसा पाहिजे." साहेब म्हणाला, वरून मंजुरी यावी लागते. ते बसून राहिले. शेवटी कंटाळून साहेबानं रुळांखालचे मोडके स्लीपर आणि गंजके पत्रे न्यायची परवानगी दिली. मामांनी दोन गँगमन हाताशी घेतले आणि यार्डाच्या कडेला आडोसा उभा केला. एका वावटळीत पत्रे उडाले. त्यांनी ते रुळापलीकडून गोळा करून आणले आणि पुन्हा ठोकले. घरी याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मला कळलं ते सुभद्राबाईंकडून.

"तुमच्या घरमालकानं बांधलेला आडोसा झ्याक हाय," त्या मला नळावर म्हणाल्या. "पर बाई, कडी भायेरनं बसवलीया."

मी घरी येऊन सांगितलं. मामा जेवत होते. घास हातात तसाच राहिला. मग ते ताटावरून उठले, हातोडी घेतली आणि गेले. नियमात वाढलेला माणूस. दार म्हणजे बाहेरून बंद करायची वस्तू, असंच त्यांचा हात शिकलेला होता.

नाटक मात्र अडलं. बांगड्यांची शिक्षा त्यांनी सगळीकडून खोडली आणि तिच्या जागी घालायला दुसरी मिळेना. ते भेटेल त्याला विचारत, "पुरुषाला लाज वाटेल अशी शिक्षा सांगा, पण तीत बाईचं काही नको." पानवाला म्हणाला, लुगडं नेसवा. मामांनी त्याच्याकडे पान घेणं बंद केलं. न्हावी म्हणाला, मिशी काढा. यावर मामा खुलले, घरी येऊन त्यांनी प्रवेश लिहिलाही. संध्याकाळी मला वाचून दाखवताना मध्येच थांबले. "मिशी काढली की तोंड कुणासारखं दिसेल, बाई?" आणि स्वतःच खोडून टाकलं. त्या काळात लाल बावट्याचा रंग उन्हानं उडून गुलाबी झाला, इतका तो दारावर राहिला.

माझी बदली शिरूरला झाली. खोली सोडताना मामींनी मला चोळीचा खण दिला. मामा अंगणात फेऱ्या मारत होते. "ऐकायला आता कोण?" एवढंच म्हणाले.

पुढं काही वर्षांनी एका रविवारी दुपारी दोघं शिरूरला माझ्या दारात उभे. एसटीनं आलेले, धुळीनं माखलेले. मामा वाळले होते. पाणी प्यायच्या आधीच बोलायला लागले.

"बाई, पहिलाच प्रवेश नव्यानं लिहितोय. रंगमंचावर दोन बायका आहेत. पुरुष नाही. कुणी येणारही नाही. त्या काय बोलतील?"

"काहीही बोलतील, मामा."

"तेच सुचत नाही. मी लिहायला लागलो की त्या पुरुषाबद्दलच बोलतात. राजाबद्दल, नवऱ्याबद्दल, पोराबद्दल. तीन आठवडे झाले." त्यांनी मामींकडे हात केला. "हिला विचारलं. ही म्हणते, तुम्ही भायेर गेल्यावर सांगीन. मी म्हटलं, मी बाहेर गेल्यावर मला कसं कळणार? म्हणून तुमच्याकडं आलोय."

मामी पदरानं तोंड पुसत होत्या. "मी कवाच सांगितलंय," त्या म्हणाल्या, "ह्यांनी भायेर जावं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग ते खरोखर उठले, कागद-पेन्सिल घेतली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मामींनी दार लोटून घेतलं, कडी घातली, भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले. इतक्या वर्षांत मी त्यांना पाय लांब करून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"त्ये लायनीवर जायचे ना," त्या म्हणाल्या, "तीन तीन दिस यायचे न्हाईत. तवा म्या चूल पेटवायचीच न्हाई. शिळी भाकर आन् ठेचा. दुपारी आंग टाकून झोपायचं, दार उघडं टाकून. सांजच्याला स्टेशनच्या पुलावर जाऊन हुबी ऱ्हायची. गाड्या बगायच्या. कुटं चालल्यात, कोन बसलंय त्यात, सगळं बगायचं. येक मद्रासी बाई खिडकीत गजरा करत हुती, पूल उतरून त्या गाडीबरुबर फलाटावरनं पळत गेले मी पार दुसऱ्या टोकाला, तिचा गजरा पुरा झाला का बगाया." त्या हसायला लागल्या. मीही.

"मग? झाला होता पुरा?"

"सांगते की. चा ठिव आदी."

मी उठून स्टोव्ह पेटवला. बाहेर मामा खोकले. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून त्यांचा आवाज आला, अगदी हलका, "झालं का?"

मामींनी पाय आणखी लांब केले.

"आजून न्हाई," त्या म्हणाल्या. "बसा तितंच."